तारणाची तारीख

“आई, तारीख सांग! बाप्तिस्म्याची नव्हं, तारणाची!”

रविवारी सकाळी, उपासनेची घंटा व्हायच्या आत शांतवनने असा दरडावून जाब विचारला आणि चिमणाबाईने हातातला चहाचा कप खाली ठेवला... नवऱ्यामागे दवाखान्यात आयाचं काम करून वाढवलेला एकुलता एक मुलगा, आणि आज तोच आईच्या आत्म्याची झडती घेत होता! गेल्या महिन्यात शाहूपुरीतल्या खास सभांमध्ये त्याचं तारण झालं होतं, म्हणजे प्रभूने पापांतून सोडवल्याची खात्री त्याला पटली होती. तारीख, वार, वेळसुद्धा त्याला पाठ! आता त्याला प्रचारक म्हणून गगनबावड्याकडे जायचं होतं. पण चर्चच्या मंडळीचे पंच बाळासो मास्तर यांची अट होती, की घरातल्या प्रत्येकाने आपलं तारण कोणत्या दिवशी झालं ते सर्वांसमोर सांगितलं पाहिजे.

“तू न्हाय सांगितलंस तर मला पाठवणार न्हाईत गं!”

काय सांगणार ती माउली? तिच्यापाशी असा एक दिवस होताच कुठे! प्रभूवरचा तिचा विश्वास बसला तो हळूहळू, पडत-झडत... बाप्तिस्म्यानंतरही कितीतरी वर्षं चैत्रात जोतिबाच्या यात्रेला उंच सजवलेल्या सासनकाठ्या निघाल्या की तिचे पाय शिवशिवत, आणि मग ती रडून क्षमा मागे. जावेला मनापासून माफ करायला तर नऊ वर्षं लागली! म्हणजे आपलं तारण झालंच नाही की काय? मास्तरांची अट कळल्यापासून आठ दिवस ती हीच शंका मनात घोळवत होती. आणि त्याहून मोठी भीती ही, की आपल्यापायी पोराचं आयुष्य अडणार!

चर्चमध्ये सर्वांसमोर साक्ष द्यायची वेळ झाली. चिमणाबाई उभी राहिली.

“सात जून... एकोणीसशे बावन्न. त्या दिवशी माझं तारण झालं.”

मास्तरांनी मान डोलावली. शांतवनचा चेहरा फुलला. ती मात्र मान खाली घालून बसली. खोटं, आणि तेही देवाच्या घरात!

मग प्रभुभोजनाची, येशूच्या देहाची आठवण म्हणून खायची भाकर आली. बाकावरून तबक फिरायचं, प्रत्येकाने तुकडा हातात धरून थांबायचं आणि उपासना चालवणाऱ्या पाळकांनी सांगितलं की सगळ्यांनी एकदम खायचा, अशी तिथली रीत. शांतवनने तुकडा घेऊन तबक आईकडे दिलं. तिने काही न घेता ते पुढे सरकवलं... मागच्या बाकांवर कुजबुज उठली. भाकर न घेणं म्हणजे चारचौघांत पापाची कबुलीच!

“आई, घे की! काय झालं?”

“तारीख खोटी हाय, लेकरा,” ती पुटपुटली. “तुझं काम अडू नये म्हणून बोलले. पर ह्या तोंडानं त्याची भाकर कशी खाऊ? माझं तारण झालंय का न्हाय, मला ठावं न्हाय रं... मी रोज मागते, एवढंच!”

शांतवन हातातल्या तुकड्याकडे बघू लागला. जिच्याकडे आपण तारणाचा पुरावा मागत होतो, ती एका खोट्यापायी प्रभूच्या मेजावरून उपाशी उठत होती... आणि ते खोटं तिच्या तोंडून आपणच वदवलं होतं!

पाळकांचा शब्द झाला. सगळ्यांचे हात तोंडाकडे गेले. शांतवनचा गेला नाही. बाळासो मास्तर तबक न्यायला बाकापाशी आले, तेव्हा त्याने आपला तुकडा त्यात परत ठेवला. मास्तर बघतच राहिले.

“आरं, काय करतोस! गगनबावडा जाईल की तुझा!” चिमणाबाईने त्याचा दंड घट्ट धरला.

“जाऊ दे. पाप माझं हाय, आई... माफ कर मला.”

“आता पुढचं प्रभुभोजन तीन म्हैन्यांनी रं...”

“थांबू की दोघं,” डोळे पुसत तो म्हणाला आणि तिच्याजवळ सरकून बसला.