आक्काचा सातवा चॅप्टर

हे मी फारसं कुणाला सांगत नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून.

आक्का माझी थोरली बहीण. आईमागे तिनंच मला वाढवलं. भाऊजी गेले आणि पाठोपाठ काचबिंदूनं तिची नजरही गेली. "ह्यांचा आवाज तेवढा ऐकव," एवढंच तिचं मागणं. घरच्या टेपांमध्ये भाऊजी कायम कॅमेऱ्यामागे. दिसत नाहीत, नुसते बोलतात. व्हिडिओ एडिटिंग हा माझा धंदाच. टेपा संगणकावर घेतल्या आणि भाऊजी जिथे बोलतात तिथे टाइमलाइनवर, म्हणजे पडद्यावरच्या चित्रणाच्या पट्टीवर, मार्कर म्हणून खूण ठोकली. डीव्हीडीत प्रत्येक मार्करचा एक चॅप्टर होतो. आक्कानं रिमोटचं बटण दाबलं की भाऊजींचं बोलणं सुरू. अकरा मार्कर झाले. डिस्क तिला देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडची प्रत लावून पाहिली. अगदी शेवटी मी सुरुवातीचं दोन मिनिटांचं निरुपयोगी चित्रण कापलं होतं. बाकीचं सगळं दोन मिनिटं अलीकडे सरकलं, मार्कर मात्र होते तिथेच राहिले. नवशिक्याची चूक. आता प्रत्येक चॅप्टर भाऊजींचं बोलणं संपल्यावर सुरू होत होता. सातव्यात तर नुसती रिकामी खुर्ची, आणि संगणकावर पाहिलं तर आवाजाची रेघ सपाट, म्हणजे पूर्ण शांतता.

तसाच आक्काकडे धावलो. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, तरी आत गॅसचा उग्र वास... ती बाहेर पायरीवर बसली होती.

"आक्का, काय झालं?"

"दूध उतू जाऊन आच विझली असणार. सर्दीनं नाक बंद, मला काय कळतंय? चहासाठी काडी ओढणारच होते." तिचा आवाज खाली गेला. "तेवढ्यात हे म्हणाले... अगं, आधी गॅस बंद कर..."

"कुठे म्हणाले?"

"तुझ्या डिस्कवर, दुसरं कुठे? सहा वेळा बटण दाबलं, हे गप्पच. सातव्यांदा दाबलं आणि वैतागून स्वयंपाकघरात गेले." तिनं माझा हात घट्ट धरला. "गुणी आहेस रे. किती नेमक्या जागी ठेवलंस."



पुढचे तीन दिवस सगळ्या टेपा पुन्हा ऐकल्या. ते वाक्य कुठेही नाही. मी पडद्यापुढे हात जोडले. "भाऊजी, हे उपकार ह्या जन्मी फिटायचे नाहीत," असं मोठ्यानं म्हणालो आणि पोटभर रडलो. भीती अशी वाटलीच नाही. आजही आक्काचा फोन आला की आधी त्यांचे आभार मानतो.

चार दिवसांपूर्वी सहज टाइमलाइन उघडली. चित्रण संपतं त्याच्याही पुढे, जिथे काहीच नाही, तिथे बारावा मार्कर होता. मी ठोकलेला नाही. मार्करला नाव देता येतं. ह्याचं नाव होतं 'बोक्या'.

मला बोक्या म्हणणारे एकटे भाऊजीच.

त्यांचं ते बोलणं ऐकू येतं आक्कालाच; डिस्क बनवून तिच्या हाती दिली की काय ते कळेल. कोरी डिस्क तेव्हापासून टेबलावर पडून आहे.