हाकेचा पर्याय

त्या दुपारी मी वहिनीकडे गेलो तो अगदी साध्या कामाला. कॉम्प्युटर एकमेकांशी जोडणारं एक सॉफ्टवेअर दादाने उभं केलं होतं. कुणीही फुकट घ्यावं, हवं तसं बदलावं असं. तो गेल्यापासून ते मी सांभाळतो. नवी आवृत्ती संध्याकाळी द्यायची होती, आणि ती जुन्या कॉम्प्युटरवरही चालते का हे बघायला तसा कॉम्प्युटर फक्त दादाच्या खोलीत होता.

वाद एकाच पर्यायावरून होता. पलीकडचा कॉम्प्युटर गप्प झाला तरी त्याला हाक मारत राहायचं, हा तो पर्याय. डीफॉल्ट चालू, म्हणजे कुणी काही बदललं नाही तर तो आपोआप चालूच. बॅटरी फुकट जाते म्हणून वापरणारे माझ्या डोक्यावर बसले होते, डीफॉल्ट बंद करा. दादाने कधी ऐकलं नव्हतं. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही तो काहीच निवडत नाही, त्याच्यासाठी आपण निवडतो. मग त्याची आबाळ होता कामा नये, असं त्याचं म्हणणं.

इस्पितळात त्याने मांडीवरचा लॅपटॉप घरच्या या कॉम्प्युटरला जोडून ठेवला होता. इथून हाक जायची, तिथून उत्तर आलं की इथला हिरवा दिवा लागायचा. स्वारी जागी आहे, हे वहिनीला कळायचं. तो गेला आणि दिवा लागायचा थांबला. लॅपटॉप कपाटात गेला. हाक मात्र वहिनीने बंद करू दिली नव्हती.

खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. पडदे ओढलेले, कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर. शेवटी मी लोकांपुढे नमलो होतो; यापुढे हाक बंद राहील, असं मी तिला सांगितलं. ती दारातच थांबली.

“म्हणजे आता त्यांना कुणीच हाक मारणार नाही?”

“वहिनी, पलीकडे कुणी नाहीये.”

तिने नुसती मान हलवली. मला माझाच राग आला.

हाक वगळून मी सॉफ्टवेअरचा नवा बिल्ड, म्हणजे चालवता येईल अशी तयार प्रत, केला आणि सुरू केला. हिरवा दिवा लागला.

जुना बिल्ड पुसायला विसरलो असणार. आमच्या धंद्यातली नेहमीची चूक. पर्याय बदलतो आणि जुने तुकडे आत तसेच राहतात. सगळं पुसून पुन्हा केला. तपासलं. हाक बंद. इथून काहीही जात नव्हतं.

दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

“आपण नाही ना मारत हाक...” वहिनी हळूच म्हणाली.

“नाही...”

“मग ते मारतायत.”

मी झटकन मागे सरलो. ती मात्र घाबरली नाही. दिव्यापाशी खाली बसली आणि रोजच्या बोलण्यातलं बोलावं तसं म्हणाली, “अहो, आहे मी इथेच. झोपा आता.”

दिवा विझला. मग नाही लागला.

संध्याकाळी आवृत्ती गेली ती हाक चालू ठेवूनच. लोक अजून बोटं मोडतात, खुशाल मोडू देत. आपण गप्प झालो की पलीकडे कुणाचा जीव खालीवर होतो, ते मी बघितलंय.

त्या संध्याकाळी निघताना कपाटातला लॅपटॉप काढून पाहिला. त्याची बॅटरी आम्ही तेव्हाच काढून टाकली होती, ती जागा रिकामीच होती. तळाला हात लावला तर कोमट लागला, मांडीवरून आत्ताच उचलून ठेवल्यासारखा.