दगडी रानातला अभ्यास

सिबिरी पहिल्यांदा लामूसाच्या रानात आला तो सायकल खांद्यावर घेऊन. दोन्ही चाकं पंक्चर होती आणि वाहिगुया, त्याचं गाव, अजून कोसभर लांब होतं.

"पाणी मिळेल?"

तिनं कुदळ टेकवली आणि बाजरीचं पीठ कालवलेलं आंबटगोड पाणी तुंब्यात भरून दिलं. पिताना तो तुंब्याच्या काठावरून तिच्याकडे बघत होता. तिलाही ते कळत होतं.

"एवढे खड्डे कशासाठी?"

"बाजरीसाठी. आत शेणखत घालायचं, पाऊस पडला की पाणी तिथंच मुरतं."

"या दगडात?"

"सगळे हेच विचारतात," ती म्हणाली. "तुम्ही निदान पाणी पिऊन तरी विचारलंत."

वडिलांमागं हे रान तिच्या वाट्याला आलं होतं, गवताची काडीही न उगवणारं. पहिल्या वर्षी पाऊस रुसला, दुसऱ्या वर्षी शेळ्यांनी कोंब खाल्ले. काकांनी बजावलं होतं, यंदाचं शेवटचं. नाही पिकलं तर राजधानीत कुणाकडे तरी भांडी घासायला जायचं.

सिबिरीचं दुखणं वेगळं. मास्तर व्हायच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. घरी पुस्तक उघडलं की भाऊ हसायचे. दुसऱ्या दिवशी तो पुस्तक घेऊन रानातच आला आणि बाभळीखाली बसून मोठ्यानं वाचू लागला. मग रोजच यायला लागला.

ती खणता खणता ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं, पण चूक बरोब्बर पकडायची. "काल त्या नदीचं नाव दुसरंच सांगितलंत." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नाही.

एप्रिलच्या उन्हात एकदा तिनं कुदळ फेकली. तळहातांवरचे फोड फुटले होते.

"बास. आता माझ्याच्यानं होत नाही."

तो समजावत बसला नाही. घरून शिया झाडाच्या बियांचं मऊ लोणी घेऊन आला, तिचे हात हातात घेतले आणि एकेक बोट हलकेच चोळलं.

"आणि अभ्यास?" तिनं खाली बघत विचारलं.

"आज सुट्टी. तुलाही, मलाही. उद्या मात्र मी येणार... तू नसलीस तर वाचू कुणासाठी?"

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याआधी हजर होती.

सप्टेंबरात बाजरी तिच्या डोक्यावर गेली. काका कणसं हाताळत रानभर फिरले. त्याच आठवड्यात सिबिरीचा निकाल लागला. तो पास झाला होता, पण नेमणूक पार दक्षिणेला, बसनं दीड दिवसाची वाट.

"चलतेस?" त्यानं विचारलं.

"रान सोडून? नाही."

"वाटलंच मला. तीन वर्षांनी बदली मागता येते. त्याआधी नाही देत. तोवर सुट्ट्यांत येत राहीन... थांबशील?"

"तीन वर्षं मी या दगडासाठी थांबले," लामूसा म्हणाली. "तू निदान बोलतोस तरी."

"म्हणजे हो समजू?"

"समज की," ती हसली. "मास्तर झालास ना आता?"