कूलरखालची कैरी

कूलरच्या स्टँडखालून दोन पाय बाहेर आले होते. माणसाचे! एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

अकोल्यातली मे महिन्याची भरदुपार. मागच्या गल्लीत चिटपाखरू नाही. मी हातातला झाडू उगारून ओरडले, "कोण आहे?"

"ताई, आधी पंप बंद करा ना..." खालून आवाज आला. "सारं पाणी डोक्यावर पडून राहिलं."

"चोराला गारवा लागतो वाटतं!"

"चोर नाही हो. इथं एक जखमी कुत्री लपली आहे. झाडू खाली ठेवता का? मग दोघंही बाहेर येतो."

मी पंप बंद केला. तो सरकत बाहेर आला. केसांतून पाणी निथळत होतं, कानावर वाळ्याची काडी अडकली होती. अंगात नुसती बनियान, कारण शर्टात त्याने एक मातकट रंगाची कुत्री गुंडाळली होती. तिचा मागचा पाय लोंबत होता. एवढ्या दुखण्यातही ती त्याच्या हनुवटीवरचं पाणी चाटत होती, आणि मला... का कोण जाणे, हसू आलं. किती दिवसांनी.

लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसलेल्या सासूबाई उठून आल्या. "बाप्पा! हे काय वं आचल?"

"आजी, हिचं नाव कैरी!" माझ्या पाच वर्षांच्या श्रावणीने जाहीर करून टाकलं.

त्याचं नाव अंकुर. अमरावतीत त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. अकोल्याला माल घ्यायला आला होता, तेवढ्यात समोरच गाडीने हिला उडवलं. ती पळाली, हा मागे पळाला. एक चप्पल नालीत गेली. मित्रांबरोबर तो असे जखमी प्राणी उचलून आणतो, बरे करतो, त्यांना घर शोधून देतो.

"अमरावतीले नेतो, ऑपरेशन करावं लागेल," म्हणत तो निघाला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "डांबर तापलं आहे. पाय भाजतीन ना रे पोरा."

त्या आत गेल्या आणि चपलांचा जोड घेऊन आल्या. श्रावणीच्या बाबांचा. ते गेल्यापासून रॅकच्या खालच्या कप्प्यातून तो कोणी हलवला नव्हता, मीही नाही. सासूबाईंनी पदराने धूळ पुसली आणि चपला त्याच्यापुढे ठेवल्या. तो माझ्याकडे पाहत राहिला, जणू परवानगी मागत होता. मी मान हलवली... आणि पटकन घरात आले.

सासूबाईंनी त्याला माझा नंबर दिला होता. मग रोज फोनवर कैरी येऊ लागली. प्लास्टरमधली कैरी, भाकरी खाणारी कैरी. कधी कैरीच्या मागे दुकानातला त्याचा आरसा, आणि आरशात तो.

"फोटो कैरीचा काढता की स्वतःचा?" मी एकदा लिहिलं.

"कैरी म्हणते, मलेही दाखव."

श्रावणीचा एकच हट्ट, कैरी आपल्याकडे आणायची. अंकुर म्हणाला, "आधी मी घर पाहायला येईन. आणि आमचा एक नियम आहे. घरातल्या प्रत्येकाचा होकार पाहिजे. वेगवेगळा."

"घर पाहाले येते?" सासूबाई हसल्या. "कुत्रीचं स्थळ आलं म्हणा ना!" आणि त्यांनी आलूपोहा टाकला.

तो आला तो कैरीला घेऊनच. चपला पॉलिश करून, कागदात गुंडाळून आणल्या होत्या.

"मावशी, या तुमच्या..."

"वापस कायले आणल्या? घाल पायात," म्हणत त्यांनी त्याच्यापुढे बशी सरकवली. "पहिले मी नाहीच म्हणून राहिली होती. हिची शाळेतली नोकरी, माहे गुडघे, लंगडीचं कोण करीन? पण लेकरू झोपेतही कैरी कैरी करते. माहा हो."

श्रावणीचा हो तर साऱ्या गल्लीने ऐकला. राहिले मी.

"तुमचा?" त्याने विचारलं.

"भीती वाटते," मी म्हणाले. "गेलेलं माणूस परत येत नाही, हे एकदा समजावलंय श्रावणीला. पुन्हा समजावायची ताकद नाही माझ्यात."

त्याने हातातली बशी खाली ठेवली.

"ती आपल्या आधीच जाईल," तो हळूच म्हणाला. "कुत्र्याचं आयुष्य तेवढंच. हे लपवून देणार नाही मी. पण तोवर तुम्ही शाळेतून याल तेव्हा ती दारात असेल... रोज. तुम्ही वेळ घ्या. आमची घाई नाही."

"आमची?"

"म्हणजे... कैरीची." त्याचे कान लाल झाले.

कैरी लंगडत माझ्यापाशी आली. बसली. माझ्या पावलावर हनुवटी टेकवून तिने असा सुस्कारा सोडला, जणू आता उठायचं काम नाही. "हो," मी म्हणाले, आणि रडू आवरलं नाही.

कैरी कशी आहे ते महिन्यातून एकदा पाहायचं, असा त्यांचा दुसरा नियम. अंकुर दर रविवारी येऊ लागला. कधी तिच्यासाठी पट्टा, कधी श्रावणीसाठी वरूडची संत्री. दारात चपला काढायचा तेव्हा कैरी त्या उचलून माझ्या खोलीत नेऊन ठेवायची.

एकदा मेथी निवडताना सासूबाई म्हणाल्या, "त्यानं ताई म्हणणं सोडलं. तुह्या ध्यानात आलं का?"

"आई!"

"आई काय? मी लेक गमावला, पोरी. तुले हसताना पाहाचं राहूनच गेलं होतं."

मी मेथीत मान घातली. पानं दिसेनाशी झाली होती.

पुन्हा उन्हाळा आला. कूलरचा पंप बंद पडला, रविवार होता, म्हणजे दुरुस्तीचा माणूस घरातच होता. मी मागचं दार उघडलं. स्टँडखालून दोन पाय बाहेर आलेले, शेजारी कैरीचं शेपूट. त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं. वेळ घ्या म्हणाला होता, आणि खरोखरच वेळ दिला होता.

"हो," मी म्हणाले.

"काय हो? पंप सुरू करू नका, हात आत आहे."

"पंपाचं नाही... तुमच्या नियमाचं. माझा हो."

आतून धाडकन डोकं आपटल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक आवाजात, "आचल... खरंच?"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "माहा तं कवाचाच आहे रे! चपला दिल्या तवाचा!"