आठ टाक्यांतली प्रवाळबाळं

सोळा प्रयोग करायचे आहेत आणि टाक्या आहेत आठच. या कोड्याने ऊर्मीला सकाळपासून एका जागी बसू दिलं नव्हतं.

मालवणजवळच्या समुद्रतळावर तिच्या आत्याचं, डॉ. रोहिणी मयेकरांचं संशोधन केंद्र होतं. तिथे काचेच्या मोठ्या हंडीत प्रवाळांच्या (समुद्रात खडक रचणाऱ्या इवल्या जीवांच्या) हजारो अळ्या तरंगत होत्या. वर्षातून एकदाच जन्मणाऱ्या या अळ्या दोन दिवसांत दगडाला चिकटल्या नाहीत, तर मरणार होत्या. आणि फारच थोड्या चिकटत होत्या.

"पाणी गार आहे म्हणूनच," ऊर्मी म्हणाली. "आत्या, आधी ऊब वाढवून बघू. नाही जमलं तर प्रकाश, मग खारटपणा, मग प्रवाह."

"एका प्रयोगाला अख्खा दिवस लागतो, ऊर्मी."

"मग चार टाक्यांत एकेक गोष्ट बदलू. पाचवी आहे तशीच."

"म्हणजे उबेचा निकाल एकाच टाकीवर. तिच्यातल्या अळ्या मुळातच अशक्त निघाल्या तर?"

ऊर्मी हंडीपाशी जाऊन परत आली. चार गोष्टी, प्रत्येक कमी किंवा जास्त, अशा सोळा तऱ्हा होत्या. सगळ्या करायला दोन्ही दिवस गेले असते.

आत्याने पाटीवर सोळाही तऱ्हा लिहिल्या. "यातल्या निम्म्याच घेऊ. जिथे 'जास्त'वर ठेवलेल्या गोष्टींची संख्या सम आहे, त्या. एकही नाही, दोन किंवा चारही. आता ऊब किती टाक्यांत जास्त आहे?"

"चार." ऊर्मीने पुन्हा मोजलं. "प्रकाशही चारांत. सगळंच चार-चार."

"आणि उबेच्या चारांपैकी प्रकाश दोनांत जास्त, दोनांत कमी. त्यामुळे प्रकाशाचा परिणाम उबेच्या नावावर जात नाही. आठही टाक्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतात. याला अर्धा आराखडा म्हणतात, म्हणजे निम्म्याच प्रयोगांची आखणी."

"मग सोळा कशाला कोण करेल?"

"यात एक गोम आहे. दोन गोष्टी मिळून काही वेगळं घडवत असतील, तर ते नेमकं कोणत्या जोडीने घडवलं हे कळत नाही. ते हवं असेल तर सोळाच लागतात. आज आपल्याला वेळ वाचवायचाय."

दोघींनी आठही टाक्यांत दगड ठेवून अळ्या सोडल्या. तो दिवस ऊर्मीला संपता संपेना. जेवण तिने अर्धवट टाकलं. दर थोड्या वेळाने ती काचेला नाक लावून बघे आणि आत्या तिला हाताला धरून मागे आणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणी झाली. प्रत्येक टाकीत शंभर अळ्या होत्या. ऊब जास्त असलेल्या चार टाक्यांत सरासरी चाळीस चिकटल्या होत्या, कमी असलेल्यांत अडतीस.

"म्हणजे उबेने काहीच झालं नाही," ऊर्मी पडल्या आवाजात म्हणाली.

"प्रकाशाचं बघ."

प्रखर प्रकाशात अठरा, मंद प्रकाशात साठ. खारटपणा आणि प्रवाह यांनी फारसा फरक पडला नव्हता.

ऊर्मी धावतच दिव्यांपाशी गेली आणि तिने दगड मांडून ठेवलेल्या मोठ्या कुंडावरचा प्रकाश मंद केला. आत्याने हंडी अलगद कुंडात ओतली. संध्याकाळपर्यंत कुंडातल्या दगडांवर हजारो पांढरे ठिपके बसले होते.

"आत्या, पुढच्या वर्षी सोळा टाक्या आणून सोळाही तऱ्हा मांडू," ऊर्मी म्हणाली. "ती जोड्यांची गोम मला सोडवायचीय."