काचेवरचा भाव

यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भरल्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एका माशाने चोर पकडून दिला. आपल्या मासे पाळणाऱ्यांच्या संघाच्या याच खोलीत, याच टेबलावर. नवे लोक हसतायत. हसा खुशाल. जुने हसत नाहीयेत, तेवढं बघून ठेवा.

सुरुवात फोनने झाली.

डिसेंबरातला शनिवार. माइडरिश वस्तीतल्या रोस्विता कांपमानने सकाळी आपलं माशांचं दुकान उघडलं आणि दिवे लावायच्या आधी ट्राउटेला फोन लावला.

"गेल्या शनिवारी अजून दोन गेले."

"कोण गेले?"

"निळे डिस्कस. ट्राउटे, मला आता नाही झेपत गं."

ट्राउटे नीह्यूसने सगळी हयात डुइसबुर्गच्या ट्राममध्ये तिकिटं तपासण्यात घालवली होती. ती डब्यात शिरली की माणसंच काय, बाकाखालची कुत्रीसुद्धा तिकीट शोधायला लागत. निवृत्त झाली तरी नजर निवृत्त झाली नव्हती. तिने कोट चढवला आणि निघाली.

दुकानात पाऊल टाकलं तर आत उन्हाळा आणि वरच्या मजल्यावर, रोस्विताच्या घरात, बर्फ. टाक्यांचं पाणी गरम ठेवायचं म्हणून बाईने स्वतःच्या घरातली शेगडी बंद केली होती. नवरा हाइन्झ गेल्यापासून ती एकटीच दुकान ओढत होती. आता घरमालकाने सांगून टाकलं होतं: नाताळात धंदा झाला तर नवा करार, नाहीतर किल्ल्या द्या.

आणि धंद्याला दोन्हीकडून आग लागलेली. एक म्हणजे मासे मरत होते. दुसरं म्हणजे 'निळा थेंब'.

'निळा थेंब' हे इंटरनेटवरचं दुकान. मालक कोण, कुणाला ठाऊक नाही. पत्ता होता, पण नुसत्या पोस्टातल्या पेटीचा. रोस्विता प्रत्येक टाकीच्या काचेवर पांढऱ्या खडूपेनने भाव लिहायची, आणि 'निळ्या थेंबा'वर तोच मासा एक तृतीयांश स्वस्त. तिने काचेवरचा भाव उतरवला की रविवारी तिथलाही उतरायचा. तिने स्वतःचं ऑनलाइन दुकान काढून पाहिलं. तिथे काचेवरचाच भाव ठेवला, कारण दोन ठिकाणी दोन भाव लावणं तिच्या मनाला पटेना. तिथे कुत्रंही फिरकलं नाही.

ट्राउटे उभी असतानाच एक तरुण जोडपं आलं. पाणी किती गरम हवं, कुठला मासा कुणाशी भांडतो, सगळं विचारून घेतलं. रोस्विताने जीव तोडून समजावलं. मग त्या मुलाने तिच्यासमोरच फोन काढला, काचेवरचा आकडा पाहिला, फोनमधला पाहिला, आणि गोड हसला.

"तुम्ही फारच छान सांगता हो," म्हणाला, आणि दोघं निघून गेली.

 रोस्विताने उगाचच एक स्वच्छ काच पुसायला घेतली.

ट्राउटेने स्टूल ओढलं. "मरतायत कोण, नीट सांग. गप्पी मेले?"

"नाही."

"निऑन?"

"एकही नाही."

"मग?"

"डिस्कस. पट्टेरी तळमासे. आणि ऑक्टोबरात माझा कैझर."

कैझर म्हणजे तिचा पिचकारी मासा, पाण्यावरच्या किड्याला तोंडातल्या पाण्याच्या धारेने पाडणारा. याला किड्यांची गरज नव्हती. खाऊ घालणाऱ्याचा चेहरा तो ओळखायचा आणि रोज सकाळी रोस्विताच्या चष्म्यावर नेम धरायचा. बाजूच्या काळ्या पट्ट्यांपैकी एक पट्टा अर्धाच होता, जणू रंगवणाऱ्याचा रंग संपला. त्याची टाकी अजून रिकामी होती आणि काचेवर भाव तसाच. पुसायला तिचा हात धजला नव्हता.

"म्हणजे तुझा हा रोग," ट्राउटे म्हणाली, "भावाच्या पाट्या वाचून येतो तर."

"महागडे मासे नाजूकच असतात. एग्गर्ट म्हणतो."

तेवढ्यात एग्गर्ट आलाच. जुन्यांना आठवत असेल, आपल्या संघाचा 'माशांचा डॉक्टर'. पदवी नव्हती, पण हात असा की मासा त्याच्या ओंजळीत झोपायचा. पूर्वी पलीकडच्या गल्लीत त्याचंही माशांचं दुकान होतं. हाइन्झच्या भरभराटीच्या काळात ते बंद पडलं. तरी बिचारा रोस्विताच्या मदतीला दर शनिवारी हजर. एका हातात झाकणाची बादली, दुसऱ्या हातात नाताळच्या मसालेदार बिस्किटांची पुडी. दुकानभर लवंगेचा वास सुटला.

दार लावा हो, थंडी आत येतेय. कोण आलंय ते मागे बसा, गोष्ट सोडून मला आत्ता मान वळवता येत नाही.

तर एग्गर्टने एका टाकीपाशी वाकून मान हलवली. हा डिस्कस श्वास बरा घेत नाही म्हणाला. जाळीने उचलून बादलीत सोडला, झाकण लावलं. बिस्किटं वाटली, रोस्विताच्या पाठीवरून हात फिरवला. थोड्या वेळाने झाकण उघडलं, तर मासा आडवा.

"हाही गेला, पोरी. घरी नेऊन चिरून बघतो, काय लागलंय ते."

मग त्याने खिशातून बीचच्या झाडाचं एक वाळकं पान काढलं आणि बादलीत टाकलं. आपल्यातले बरेच जण टाकतात. पाणी जरा तपकिरी होतं, माशाला आडोसा वाटतो, तो घाबरत नाही.

"मेलेल्याला पान कशाला?" ट्राउटेने विचारलं.

एग्गर्टचा हात आधी कोटाच्या खिशावर गेला. मग तो हसला. "सवय."

 ट्राउटेने एक बिस्कीट खाल्लं आणि एवढंच विचारलं की ही बिस्किटं आणतोस तरी कधीपासून. तो म्हणाला, सप्टेंबरपासून, दुकानांत आली की लगेच. त्यातही नवल नव्हतं. आपल्याकडे झाडांची पानं गळायच्या आधी नाताळची बिस्किटं येतात.

घरी जाऊन ट्राउटेने 'निळा थेंब' उघडला. यादीत पिचकारी मासा एकच होता. भाव पाहिला. रोस्विताच्या त्या रिकाम्या टाकीवर जो आकडा होता, त्याच्यापेक्षा बरोबर एक तृतीयांशाने कमी. तिने क्रेफेल्डला राहणाऱ्या आपल्या बहिणीच्या नावाने तो मागवला.

पार्सल आलं. आत ऊब देणारी पिशवी, जाड आवरण, माशाची पिशवी, कोपऱ्यात मासा अडकू नये म्हणून कोपरे चिकटवलेले. आईने बाळ गुंडाळावं तसं. बहीण कुरकुरली की मासा पाठवतात तो पाठवतात, वर पालापाचोळा कशाला. ट्राउटे पिशवी उजेडाकडे धरून बघत राहिली. मग खुर्चीत बसली ती बसलीच.

"काय गं, काय मिळालं?" बहिणीने विचारलं.

"तिकीट," ट्राउटे म्हणाली.

नाताळाआधीचा आपला मेळावा. ही खोली गच्च भरलेली, मेणबत्त्या, गरम मसालेदार वाइन. या टेबलाच्या मधोमध एक काचेची टाकी, वर टेबलक्लॉथ झाकलेला. लोकांना वाटलं सोडतीचं बक्षीस असेल. रोस्विता भिंतीशी बसली होती. करार होणार नाही हे तिला त्याच सकाळी कळल्यासारखं तिचं तोंड. एग्गर्टने मायेने तिच्या शेजारची खुर्ची धरली होती.

ट्राउटे उभी राहिली आणि जसं ट्राममध्ये विचारायची तसं, शांतपणे विचारलं.

"एग्गर्ट, रोस्विताचा पिचकारी मासा तू चिरून पाहिलास ना?"

"पाहिला. काळीज सडलं होतं."

"आणि मग?"

"परसात पुरला. बेदाण्याच्या झुडपाखाली."

"स्वतःच्या हाताने?"

"मग काय महापौरांच्या? काय चाललंय, ट्राउटे?"

"तिकीट बघतेय," म्हणाली, आणि कापड ओढलं.

आत कैझर. काळे पट्टे, एक अर्धा. रोस्विताने तोंडावर हात ठेवला. 

एग्गर्ट म्हणाला, "पिचकारी मासे सगळे सारखेच दिसतात."

आणि आता ते, ज्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कैझर वर आला. त्याने टेबलाभोवतीचे सगळे चेहरे पाहिले, सावकाश, तपासनिसासारखं. माझा पाहिला, ट्राउटेचा पाहिला. मग थांबला, आणि सणकन धार सोडली. एग्गर्टच्या डाव्या डोळ्यात. त्याने डोळा पुसला. दुसरी धार उजव्यात.

"दोन महिने खाऊ घालणाऱ्याकडेच तो असा खाऊ मागतो," ट्राउटे म्हणाली. "पुरलेल्याला कोण खाऊ घालतं, एग्गर्ट?"

मग तिने सगळं उलगडलं. एकही मासा मेला नव्हता. एग्गर्टच्या बादलीतल्या पाण्यात लवंगेचं तेल असायचं. थोडे थेंब टाकले की मासा गाढ झोपतो, आडवा होतो, मेल्यासारखा. घरी नेऊन ताज्या पाण्यात सोडला की पुन्हा पोहायला लागतो. तेलाचा वास ओळखू येऊ नये म्हणून लवंगेची बिस्किटं. गप्पी मेले नाहीत, कारण गप्पी विकून काय मिळणार? रोस्विताचेच मासे 'निळ्या थेंबा'वर जायचे, आणि फुकटचा माल कितीही स्वस्त विकता येतो. दर शनिवारी तो काचेवरचे भाव डोळ्यांनी टिपायचा, रविवारी आपले खाली आणायचा. टाक्या रिकाम्या करणारा आणि गिऱ्हाईक पळवणारा हात एकच.

"सगळं नीट केलंस," ती म्हणाली. "पण तू चोर असण्याआधी मासे पाळणारा आहेस. बादलीतला मासा जागा झाला की घाबरेल म्हणून तू पान टाकलंस. पार्सलातही टाकलंस. क्रेफेल्डला माझ्या बहिणीच्या टेबलावर तुझ्या झाडाचं पान पडलंय. मेलेल्याच्या भीतीची काळजी कोण करतं रे?"

एग्गर्टने नाकारलं नाही. ओला चेहरा तसाच ठेवून तो ट्राउटेकडे नाही, रोस्विताकडे वळला.

"मार्काचं नाणं चालायचं तेव्हा तुझा हाइन्झ रोज सकाळी माझ्या काचेत डोकावायचा," तो म्हणाला. "आणि जाऊन आपल्या काचेवर लिहायचा. माझ्यापेक्षा एक मार्क कमी. रोज. फक्त एक मार्क. मी उतरवला की तोही उतरवायचा. माझी बायको त्या हिवाळ्यात घरात कोट घालून बसायची."

रोस्विता हळूच म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं."

"आता ठाऊक झालं," एग्गर्ट म्हणाला. त्याने बादलीसाठी हात पुढे केला, ती नाही हे लक्षात आल्यावर रिकामा हात खिशात घातला, आणि पोलीस येईपर्यंत कैझरच्या टाकीपाशी उभा राहिला.

मासे परत मिळाले. 'निळा थेंब' आटला. आणि रोस्विताचं दुकान? अहो, वाचलं की. घरमालक स्वतः फुलं घेऊन आला. दारापासून ट्रामच्या थांब्यापर्यंत रांग. लोक म्हणाले, काचेवर जो लिहिलाय तोच भाव देणार, वर सल्ल्याचे वेगळे. उद्या जा माइडरिशला, आत शिरा, कैझर तुमच्याही चष्म्यावर...

"खोटं."

आवाज मागच्या बाकावरून आला. मी अखेर मान वळवली. मघाशी आलेली बाई अजून कोट घालूनच बसली होती.

"मासे आले, विली. गिऱ्हाइकं नाही आली," रोस्विता म्हणाली. "त्यांना एकदा कळलं होतं, मासा बघायचा कुठे आणि घ्यायचा कुठे. एक 'थेंब' आटला, दहा उघडे होते. जानेवारीत मी किल्ल्या दिल्या. तिथे आता नखं रंगवतात."

 मग नव्यांपैकी एकाने विचारलं, म्हणजे ती पिचकारीसुद्धा थापच का?

"नाही," ती म्हणाली, आणि चष्मा काढून काचेवरचा वाळलेला डाग बोटाने घासू लागली. "तेवढं खरं आहे. हा आज सकाळचा."