यादीतला पाचवा

विश्वास कुणावर ठेवावा, सांगाल? माणसाच्या शब्दावर, की यंत्राच्या मोजणीवर? असुन्सिओन शहरातल्या चार नंबरच्या बाजारात तीस वर्षं वायरी नि राउटर विकताना मी यंत्राचीच बाजू घेत आलो. 'तुम्ही बिघडलेला दिलात' म्हणून भांडायला आलेल्या गिऱ्हाइकाचा राउटर उघडावा, तर आतून मुंग्यांचं अख्खं गाव बाहेर पडायचं. माणूस थाप मारील, यंत्र मारत नाही, असं मी म्हणायचो. निमियाची हकीकत कळल्यापासून हे म्हणताना जीभ अडखळते.

निमिया न्या फेलिसांच्या घरात मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. 'न्या' आमच्याकडे वयस्क बाईला मानानं म्हणतात. घरात इंटरनेट एकच, दोघींत मिळून. पासवर्ड फ्रिजच्या दारावर चिकटवलेला. आठ महिने रिकाम्या बसलेल्या निमियाला एका परदेशी विमा कंपनीत घरबसल्या काम मिळालं होतं. अट एवढीच, की शुक्रवारी दुपारी दोनच्या आत कंपनीचं व्हीपीएन जोडून दाखवायचं. नाही जमलं, तर जागा पुढच्या उमेदवाराला.

"घरातून थेट कंपनीच्या पोटात जाणारा बंद बोगदा समजा," फोनवरचा कंपनीचा तंत्रज्ञ फाबियान म्हणाला. "बोगद्याच्या तोंडाशी कोण कोण उभं आहे, ते आम्हाला कळायला हवं. राउटरच्या पानावर यंत्रांची यादी आहे ना, तिच्यात प्रत्येकापुढे मालकाचं नाव नि ओळखपत्राचा नंबर भरा. एक जरी बिनमालकाचं राहिलं, तर दार उघडत नाही. किती आहेत?"

"चार. माझा संगणक, माझा फोन, न्या फेलिसांचा फोन आणि टीव्ही."

"पाच दिसतायत, बाई."

पाचव्याचं नाव होतं 'लाओ'.

निमियानं ते बंद केलं. मिनिटभर गेलं, आणि ते परत यादीत येऊन बसलं. पुन्हा बंद केलं. पुन्हा आलं.

दीड वाजला होता. दुपारच्या झोपेची वेळ. गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नव्हतं आणि पत्र्याचं छप्पर उन्हानं मधूनच कडकडत होतं. अंगणातल्या आंब्याखाली न्या फेलिसा तेरेरेचा शिंगाचा पेला भरत बसल्या होत्या. तेरेरे म्हणजे कडवट पाल्यावर ओतलेलं गार पाणी; एकच पेला, एकच नळी, सगळ्यांनी आळीपाळीनं ओढायचं. ठेचलेल्या पुदिन्याचा थंड वास दारापर्यंत येत होता. त्यांच्यासमोर एक खुर्ची, रिकामी.

"न्या फेलिसा, लाओ हा कुणाचा फोन?"

"आमच्या ह्यांचा."

"पण ते जाऊन दोन वर्षं झाली ना?"

"झाली की. फोन तिथं कपाटाच्या खणात आहे, बघ जा."

निमियानं खण उघडला. फोन होता, पण पाठीमागचं झाकण नव्हतं आणि बॅटरीच्या जागी नुसता खड्डा. ती तो हातात घेऊनच बाहेर आली.

"बॅटरी फुगली म्हणून मीच फेकली," न्या फेलिसा म्हणाल्या. "असं काय बघतेस? पेला फिरत राहतो तो माणूस 'धन्यवाद' म्हणेपर्यंत. म्हटलं, की त्याची पाळी संपली. हे गेले ते पेला हातात असताना. म्हणायचं राहूनच गेलं. मग मी त्यांना वगळू कशी?"

त्यांनी भरलेला पेला रिकाम्या खुर्चीवर ठेवला. हे निमिया रोज बघायची; म्हातारीचा छंद म्हणून सोडून द्यायची. बघितलं नव्हतं ते एवढंच, की पेला परत उचलताना त्यात पाणी असतं का. आज बघितलं. न्या फेलिसांनी उचलला, तेव्हा आत नुसता ओला पाला होता…

फोन वाजला. "बाई, दोनला दहा कमी," फाबियान म्हणाला.

"न्या फेलिसा, तो पाचवा तुमच्या नावावर लिहिते हं."

"नको गं पोरी. माझा नाही तो, त्यांचा आहे. गेलेल्याला असं कुणाच्या नावावर घेऊ नये."

"मग त्यांचंच ओळखपत्र मागू का आता?" निमिया चिडून म्हणाली.

"मागून बघ. कधी कुणाला नाही म्हणाले नाहीत."

दोनला चार कमी असताना निमियानं 'लाओ'समोर स्वतःचं नाव लिहिलं, स्वतःचा नंबर टाकला.

हिरवा दिवा लागला.

"झालं," फाबियान म्हणाला. मग म्हणाला, "माईक बंद करता का?"

"बंदच आहे."

"तुमचा बंद आहे. दुसऱ्याचा चालू आहे… तुमच्याकडून दोघं आत आलेत, बाई."

"दुसरं कोण?"

"ते मी काय सांगू… आवाज येतोय. नळीनं तळातलं पाणी ओढल्यासारखा."

निमियाच्या खोलीत पेला नव्हता. तिनं खिडकीतून अंगणात पाहिलं. न्या फेलिसा रिकाम्या खुर्चीपुढे उभ्या होत्या. हातातला पेला काठोकाठ भरलेला.

"ह्या खेपेला घेतलंच नाही गं त्यांनी," त्या हळूच म्हणाल्या. "गेले कुठं…"

नोकरी टिकली. महिन्याभरात निमियानं घर बदललं आणि नवा राउटर घ्यायला माझ्याकडे आली. जोडून द्यायला मीच गेलो. तिची यंत्रं दोन, यादीत तीन. तिसरं 'लाओ', आणि त्यापुढे मालकीण म्हणून तिचं नाव, ओळखपत्राच्या नंबरासकट. ते मी भरलं नव्हतं. तीही म्हणाली, मी नाही.

परवा ती दुकानात आली. मी रीतीप्रमाणे पेला पुढे केला. एक घोट घेऊन ती मोठ्यानं "धन्यवाद" म्हणाली, आणि मान वळवून मागे बघत थांबली. बराच वेळ थांबली. दुसरं कुणी 'धन्यवाद' म्हणालं नाही. ती गेल्यावर मी पेला पुन्हा भरला आणि गिऱ्हाइकाकडे वळलो. परत उचलला, तर हाताला हलका लागला.

म्हणून हात जोडून विनंती आहे. यादी नोकरीची असो, घराची असो की दुकानाची, जे आपलं नाही ते घाईत आपल्या नावावर मांडू नका. हिशेब खरा ठेवा.